यादीत घातलेली मुलगी

दिगंबरराव मोघे सरकारच्या ताग तपासणी कचेरीत प्रतवारी अधिकारी होते. गोदामात गाठ आली की मूठभर ताग ओढायचा, उजेडाकडे धरायचा, लांबी बघायची, चमक बघायची, दोन हातांत धरून तोडून बघायचा आणि सांगायचं, हा वरचा, हा मधला, हा तळाचा. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगात प्रत नसलेली वस्तू दिसेनाशी होते. मोघ्यांनी भवानीपुरातल्या मिठाईवाल्यांची प्रतवारी केली होती, डॉक्टरांची केली होती, रोजच्या ट्रामच्या कंडक्टरांचीही केली होती. सासुरवाडीच्या मंडळींचीसुद्धा केलेली होती, पण ती प्रसिद्ध केली नव्हती. तेवढं व्यवहारज्ञान त्यांच्याजवळ होतं.

शाळांची यादी मात्र प्रसिद्ध झाली.

तिची सुरुवात अगदी साधी. कलकत्त्याला बदली होऊन आलेल्या कुठल्याही मराठी माणसाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असत. चांगली तूरडाळ कुठे मिळते, आणि मुलांना कुठल्या शाळेत घालावं? डाळीचं उत्तर सगळे एकच देत. शाळेचं उत्तर प्रत्येकजण वेगळं देई, आणि बहुधा आपली मुलं ज्या शाळेत तीच शाळा सांगे, म्हणजे आपण एकटेच फसलो असं व्हायला नको. मोघ्यांना हा अशास्त्रीय प्रकार खपेना. त्रेपन्न साली स्कूल फायनलचा निकाल लागला तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राची पुरवणी घेतली. तिच्यात शाळेच्या नावाखाली पास झालेल्यांचे नंबर ओळीने छापलेले असत. मधले जे नंबर दिसत नाहीत ते नापास, हे कळायला ताग तपासणीचीही गरज नव्हती. दोन रविवार बसून त्यांनी दक्षिण कलकत्त्यातल्या तीस शाळांचे हजर आणि गायब नंबर मोजले, टक्केवारी काढली आणि वरपासून खालपर्यंत शाळा मांडल्या. पुढे दर निकालाला ते हेच करू लागले.

यादी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. श्रीकांत देवधर नावाचे एक बँकेतले गृहस्थ आपल्या मुलाला ‘व्हिक्टरी अ‍ॅकॅडमी’ नावाच्या शाळेत पाठवीत. शाळेला बँड होता, मुलांना टाय होता, आणि हेडमास्तर पालकांशी फक्त इंग्रजीत बोलत. यादीत ती तिसावी निघाली. चाळीस मुलं बसली होती, दोन पास झाली होती. देवधर दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांना भेटले तर ते म्हणाले, “वुई बिल्ड कॅरेक्टर.” अडतीस कॅरेक्टरं एका वर्षात उभारलेली पाहून देवधरांनी मुलाला काढला आणि तो पुढे बरा निघाला. तेव्हा देवधर मोघ्यांची यादी देवासारखी मानत, आणि त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू नये.

मोघ्यांच्या कचेरीतल्या टायपिस्टने कार्बन लावून यादीच्या सहा प्रती काढल्या. एक महाराष्ट्र मंडळाच्या फळ्यावर लागली. एक फोर्ट विल्यममधल्या एका मेजरसाहेबांनी खास जीप पाठवून नेली. उरलेल्या हातोहात गेल्या, त्यांच्या पुन्हा प्रती निघाल्या, आणि मराठी वस्तीतून यादी शेजारच्या बंगाली घरांत शिरली. सहावी प्रत इतकी पुसट होती की ती कोणालाच वाचता येत नसे. तिला सर्वांत जास्त मान होता.

अडचण एकच झाली. मोघ्यांची स्वतःची मुलगी वृंदा घराच्या कोपऱ्यावरच्या ‘त्रैलोक्यमोहिनी बालिका विद्यालया’त आठवीत होती. या शाळेच्या नावात तिन्ही लोक होते आणि इमारतीत पावणेदोन मजले. यादीत तिचा नंबर सतरावा.

“मोघेसाहेब,” श्यामराव चांदोरकर मंडळात सर्वांसमक्ष म्हणाले, “लोकांना संदेश-रसगुल्ले खायला सांगता आणि घरी चुरमुरे?”

श्यामराव कलकत्त्यात जन्मलेले, दोन पिढ्यांचे औषधांचे व्यापारी. त्यांचं मराठी पुण्याचं होतं आणि हसणं पक्कं बंगाली, म्हणजे पोट धरून. ते हसणं मोघे घरी घेऊन आले. जानेवारीत नवं वर्ष सुरू होताना त्यांनी वृंदाचं नाव त्रैलोक्यमोहिनीतून काढलं आणि बालीगंजातल्या ‘आदर्श विद्याबीथी’त घातलं. यादीत पहिली. निकाल शंभर टक्के. एकही नंबर गायब नाही.

“पण बाबा, माझ्या सगळ्या मैत्रिणी इथेच आहेत,” वृंदा म्हणाली.

“मैत्रिणी काय, पहिल्या नंबरच्या शाळेत पहिल्या नंबरच्या मिळतील,” मोघे म्हणाले.

वृंदा मुळात बडबडी मुलगी. बंगालीत भांडायची, मराठीत रुसायची, गाणं म्हणायची, निबंध बरे लिहायची. गणिताचं आणि तिचं मात्र पहिलीपासून फाटलेलं होतं. विद्याबीथीत ती दोन वर्षं गेली. तिथे दर शनिवारी परीक्षा, दर सोमवारी फळ्यावर नंबर. वृंदाचा नंबर फळ्याच्या खालच्या चौकटीला टेकलेला असे. घरी आल्यावर ती बोलेनाशी झाली, तर मोघ्यांनी त्याचा अर्थ ‘अभ्यासाचं वळण लागलं’ असा केला.

पंचावन्न सालच्या डिसेंबरात एका दुपारी ती शाळेतून लवकर आली, दप्तर खाली ठेवलं आणि आईला म्हणाली, “मला अ‍ॅलाउ नाही केलं.”

मंदाकिनीबाईंना वाटलं, सहलीला वगैरे. मग पोरीचं तोंड बघून त्यांनी तांदूळ निवडायचं ताट बाजूला ठेवलं.

संध्याकाळी मोघे आले तेव्हा सगळा उलगडा झाला. बंगालमध्ये स्कूल फायनलच्या आधी प्रत्येक शाळा आपली एक परीक्षा घेई, तिला टेस्ट म्हणत. टेस्टमध्ये शाळेला जी मुलगी पसंत पडेल तिचंच नाव बोर्डाकडे जाई. ती अ‍ॅलाउड. बाकीच्यांनी पुन्हा दहावीत बसायचं, नाहीतर घरी. वृंदाला गणितात तेहेतीस होते. बोर्डाला तीस पुरत. विद्याबीथीला यंदा पंचेचाळीस हवे होते.

“मग अशा राहिल्या किती?” मोघ्यांनी विचारलं.

“आम्ही साठ होतो. चोवीसजणी बसतायत.”

यावर बोलल्या त्या मंदाकिनीबाई.

“तुम्ही मुलीला शाळेत घातलंच नाहीत. यादीत घातलंत.”

“अगं, आकडे खरे होते.”

“होते ना! शंभरातले शंभर पास. आपली पोर त्या शंभरात धरलेलीच नव्हती. आणि उन्हाळ्यात तुमची बदली. दिल्ली नाहीतर कानपूर. तिथलं बोर्ड वेगळं, पुस्तकं वेगळी. ही परत नववीपासून सुरू करणार का? दोन वर्षं जातील पोरीची.”

यात खोटं काहीच नव्हतं. बदलीचा हुकूम यायचा होता, पण येणार हे नक्की होतं. मार्चच्या परीक्षेला वृंदा बसली तर बसली, नाहीतर सगळंच मुसळ केरात.

दुसऱ्या दिवशी मोघे अर्धी रजा टाकून विद्याबीथीत गेले. हेडमिस्ट्रेस मिस दत्त यांचं इंग्रजी स्वच्छ होतं, साडीला कडक खळ होती आणि टेबलावर काच होती. काचेखाली दोनच गोष्टी होत्या. एक संस्थापकांचा फोटो. दुसरी मोघ्यांची यादी.

मोघ्यांनी ती उलट्या बाजूनेही ओळखली. इंग्रजी ‘ई’ अक्षराचं पोट शाईने भरून आलेलं होतं, म्हणजे कचेरीतलाच टाइपरायटर.

“नियम कठोर आहे, मला मान्य आहे,” मिस दत्त म्हणाल्या. “पूर्वी आम्ही तिसावरच सोडत होतो. पण गेल्या दोन वर्षांत परिस्थिती बदलली. ही यादी पाहिलीत? कोणा महाराष्ट्रीय सरकारी अधिकाऱ्याने केली आहे. अत्यंत शास्त्रशुद्ध.”

“हो का?” मोघे म्हणाले.

“हिच्यामुळे आमच्याकडे प्रवेशाला रांग लागली. वर्ग दुप्पट झाले. आता पहिला नंबर म्हणजे जबाबदारी असते. एक मुलगी नापास झाली तर आम्ही तिसऱ्या-चौथ्यावर जाऊ. पालक मला येऊन विचारतात, यंदा पहिला टिकेल ना? म्हणून मर्यादा वाढवली. शेवटी हे आम्ही तुम्हा पालकांसाठीच करतो.”

“आणि त्या यादीवाल्याने तुमच्या वर्गात मुली किती, हे विचारलं असतं तर?”

“विचारायला हवं होतं,” मिस दत्त सरळपणे म्हणाल्या. “मी सांगितलं असतं. आम्ही काही लपवत नाही. पण कोणी विचारतच नाही.”

मोघ्यांना आपलं गोदाम आठवलं. गोदामात व्यापारी काय करतो? गाठीच्या बाहेरच्या अंगाला चकचकीत ताग लावतो आणि आत तळाचा भरतो. म्हणून तपासनिसाने आत कोपरापर्यंत हात घालायचा असतो. नव्या उमेदवारांना मोघे पहिल्याच दिवशी हे सांगत, आणि वर म्हणत की व्यापाऱ्याने आपल्या हाताने काढून दिलेला नमुना जो तपासतो त्याने सरळ किराणा दुकान काढावं. इथे तीस गाठींपैकी एकीतही त्यांनी हात घातला नव्हता. शाळांनी निवडून पुढे केलेल्या मुठी त्यांनी दोन रविवार खपून मोजल्या होत्या.

“आपल्या मुलीचा दाखला हवा असेल तर लगेच मिळेल,” मिस दत्त म्हणाल्या. “जाणाऱ्या मुलीला आम्ही कधीच अडवत नाही.”

त्यांनी घंटी वाजवली. दाखला खरोखरच लगेच मिळाला. त्यावर ‘वर्तणूक उत्तम’ असंही लिहिलेलं होतं.

तिथून मोघे सरळ त्रैलोक्यमोहिनीत गेले. सरळ म्हणजे वाटेत तीनदा परत फिरले, पण पोचले.

तिथल्या हेडमिस्ट्रेस इंदुप्रभा सेन. शाळेत त्यांना सगळे बडदी म्हणत, म्हणजे मोठी ताई. वय साठीचं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. समोरच्या बाकावर पावसाळ्यात गळलेल्या छपराचं पाणी धरायला ठेवलेली बादली डिसेंबरातही तशीच होती. मोघ्यांनी आपल्या बंगालीत सुरुवात केली. बडदींनी थोडा वेळ ऐकून घेतलं आणि त्यांना इंग्रजीवर आणलं.

“मोघेबाबू, तुम्हीच ते यादीवाले ना?”

इथे नाही म्हणायची सोय नव्हती. सगळ्या गल्लीला माहीत होतं.

“आम्ही यंदाही सतरावे.”

“हो… म्हणजे यंदाच्या आकड्यांवरून…”

“बरोबरच आहे ते. आमच्याकडे दीड वर्ष गणिताला शिक्षिका नाही. शेवटची लग्न करून जमशेदपूरला गेली. मी इतिहास शिकवते, आणि गणिताच्या तासाला वर्गात बसून मुली गोंगाट करणार नाहीत एवढं बघते. सतरावे तरी कसे आलो याचंच मला आश्चर्य वाटलं.”

अशा माणसाशी वाद कसा घालणार? मोघ्यांनी दाखला पुढे केला. वृंदाला परत घ्याल का, आणि यंदा बसवाल का?

“आमची टेस्ट जानेवारीच्या शेवटी असते. आमचं सगळंच उशिरा होतं. बोर्डाच्या कचेरीत जाऊन शाळाबदलाचं मी बघते, तिथला हेडक्लार्क माझ्या बहिणीचा जावई आहे.” बडदींनी दाखला वाचला. “वर्तणूक उत्तम? इथे असताना तर फार बोलायची.”

“आता नाही बोलत.”

“असं झालं होय,” बडदी म्हणाल्या आणि दाखल्याची घडी करून पुस्तकात ठेवली. “घेते मी तिला. एक काम करा. गणित शिकवा.”

“वृंदाला? हो, मी रोज…”

“वृंदाला नाही. वर्गाला. ती धरून एकवीस मुली आहेत. तुम्ही एवढे टक्के काढता, थोडे त्यांनाही काढायला शिकवा. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी. मला पगार देता येणार नाही. चहा देता येईल, तोही बरा नसतो.”

अशा रीतीने ताग तपासणी कचेरीचे प्रतवारी अधिकारी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी बंगाली मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागले. त्यांचं बंगाली ऐकून पहिल्या शनिवारी वर्ग अर्धा तास हसला. ‘भागिले’साठी ते जो शब्द वापरीत तो ऐकून मुलींनी बाकावर डोकी टेकली. वृंदाने खालमानेने दोन दुरुस्त्या केल्या. तिसरी तिने उभी राहून केली. चौथीला ती म्हणाली, “बाबा, तुम्ही नुसतं फळ्यावर लिहा, मी बोलते.” मग तोच रिवाज पडला. मोघे लिहीत आणि वृंदा बंगालीत सांगे. जे स्वतःलाच कळलेलं नाही ते दुसऱ्याला सांगता येत नाही, हे तिच्या दुसऱ्याच उदाहरणात लक्षात आलं. मग ती बापाला आधी घरी गाठून विचारू लागली. व्याजाचं गणित तिला साडेसहा वर्षांत कळलं नव्हतं, ते तिने एका गुरुवारी स्वयंपाकघरात आईला समजावून सांगितलं. मंदाकिनीबाई म्हणाल्या, “मला हे आधीच येत होतं,” पण ऐकून घेतलं.

वर्गात पारुल नावाची एक मुलगी होती. डमडमकडच्या निर्वासितांच्या वसाहतीतून ती गाडीने सियालदहला येई, तिथून ट्रामने भवानीपूर. इतक्या लांबून का, असं मोघ्यांनी विचारलं तर ती म्हणाली, जवळच्या शाळांनी जुना दाखला मागितला. जुनी शाळा आणि दाखला, दोन्ही सीमेपलीकडे राहिले होते. बडदींनी फक्त पुस्तक वाचायला लावलं होतं. पारुलला अपूर्णांक दिला की ती त्याच्याकडे डास बघावा तशी बघे. मोघ्यांच्या बोटांनी सवयीने तिची प्रत ठरवून टाकली होती. तळाची.

जानेवारीच्या शेवटी टेस्ट आली. बडदी म्हणाल्या, गणिताचा पेपर तुम्हीच काढा, तुम्हीच तपासा, आणि कोणाला पाठवायचं त्यावर सही तुमची.

“माझी मुलगी आहे त्यात.”

“म्हणूनच. दुसऱ्याच्या मुलीला घरी बसवणं कोणालाही जमतं.”

मोघ्यांनी पेपर प्रामाणिकपणे काढला. विद्याबीथीत ठरावीक उदाहरणं घोकून घेत. यांनी सगळी नवी घातली, घोकंपट्टी चालणार नाही अशी, आणि स्वतःवर खूष झाले. रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर पेपर तपासायला बसले. एकवीसपैकी सतराजणी तिसाच्या वर गेल्या. एकीला तर अठ्ठ्याहत्तर मिळाले. चौघी तिसाच्या खाली राहिल्या. त्यातली एक स्वतःच येऊन सांगून गेली होती की तिचं लग्न ठरलं आहे आणि तिला बसायचं नाही. उरलेल्या तिघी. पारुल, एकवीस. बीणा नावाची एक लाजाळू मुलगी, पंचवीस.

वृंदा मोघे, सत्तावीस.

त्यांनी तिचा पेपर पुन्हा तपासला. एका ठिकाणी पायरीचा अर्धा गुण देता आला असता. अर्धा देऊन साडेसत्तावीस. विद्याबीथीने तेहेतीस दिले होते. म्हणजे मिस दत्तांनी तिच्यावर अन्याय तर सोडाच, मेहेरबानीच केली होती.

मंदाकिनीबाई चहा घेऊन आल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघून त्यांनी आकडा विचारला नाही.

“काय करणार?”

“नियमाने बसत नाही ती.”

“कोणाच्या नियमाने?”

“माझ्याच.”

“मग तुमचा नियम तुम्हीच समजवा तिला. मी नाही सांगणार.”

मोघ्यांनी बराच विचार केला. एकट्या वृंदाला सोडावं आणि बाकीच्या दोघींना थांबवावं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला हे ते पुढेही नाकारत नसत. सत्ताविसापाशी रेघ ओढली की झालं. शाळेचा निकालही सुधारला असता. पण सत्ताविसाला सही केली तर पंचविसाला का नाही, हे बीणाच्या बापाला त्यांना सांगता आलं नसतं. आणि पंचविसाला केली की एकवीस बघत उभंच होतं. तागाचं बरं असतं. जानेवारीत तळाचा असलेला ताग मार्चमध्येही तळाचाच असतो, म्हणून त्याच्यावर शिक्का मारता येतो. वृंदाला डिसेंबरात व्याज येत नव्हतं आणि आता येत होतं. हा शिक्का कशावर मारायचा? आकडा खरा होता, पण तो आजचा होता, आणि परीक्षा सहा आठवड्यांनी होती.

संध्याकाळी ते बडदींच्या घरी गेले आणि तिघींच्या नावांसह वीस नावांवर सही केली.

“विचार केलात?” बडदींनी विचारलं. “या तिघींना घरी बसवलं तर तुमच्या यादीत मी चार नंबर तरी वर जाईन. शिकवायचीसुद्धा गरज नाही. फार सोपी रीत आहे.”

“माहीत आहे,” मोघे म्हणाले. “मीच शोधून काढलेली आहे.”

घरी वृंदा दारातच उभी होती.

“बाबा, किती?”

“सत्तावीस.”

तिचा चेहरा उतरला. “मग?”

“मग काय? उद्यापासून रोज सकाळी साडेपाचला. सही केली आहे मी. आता माझी अब्रू तुझ्या हातात आहे, आणि तुला अपूर्णांकांचा गुणाकार येत नाही.”

वृंदा दोन वर्षांनी पहिल्यांदा बापाशी मराठीत रुसली. सत्तावीस म्हणजे फारच कमी दिले, तिसऱ्या उदाहरणाची रीत तर बरोबर होती, असं ती जेवण संपेपर्यंत बोलत होती. मोघ्यांना त्या रात्री जेवण जरा जास्तच गेलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. एप्रिलमध्ये कानपूरचा हुकूम आला, पण मोघ्यांनी निकालापर्यंत मुदत मागून घेतली. कारण म्हणून ‘कौटुंबिक’ असं लिहिलं. जूनमध्ये पुरवणी आली. इतकी वर्षं त्यांनी हजारो नंबर थंड डोक्याने मोजले होते. त्या सकाळी एक नंबर शोधताना त्यांचं बोट चार वेळा दुसऱ्याच शाळेत शिरलं. शेवटी मंदाकिनीबाईंनी वर्तमानपत्र ओढून घेतलं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “हा काय.”

तिसरा वर्ग. गणितात अडतीस, हे नंतर कळलं. वृंदाने खिडकीतूनच समोरच्या घराला ओरडून सांगितलं आणि गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

बाकीचा निकाल असा लागला की मोघ्यांच्या टेस्टच्या तोंडात मारल्यासारखं व्हावं. बीणा पास. पारुल गणितात पास आणि इंग्रजीत नापास. अठ्ठ्याहत्तर मिळवणारी मुलगी ऐन परीक्षेत कांजिण्यांनी आजारी पडली आणि एका विषयाला बसलीच नाही. आणखी तिघी नापास झाल्या, त्यातल्या दोघींना मोघ्यांनी पन्नासच्या वर दिले होते. पारुल पेढे खायला आली तेव्हा मोघे काहीतरी सांत्वनाचं बोलू लागले. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी इंग्रजी कोण शिकवणार आहे ते सांगा.” बडदींनी इंग्रजीसाठी श्यामरावांच्या थोरल्या सुनेला, लीनावहिनींना, आधीच धरलं होतं. त्यांना काय चहा देतात ते कळलं नाही.

मोघ्यांनी शेवटची यादी केली. मंडळाची मंडळी थांबली होती, आणि केली नसती तर पराभव पत्करल्यासारखं दिसलं असतं. या खेपेला त्यांनी एक रकाना वाढवला: ‘दहावीच्या वर्गात एकूण किती’. त्यासाठी तीसही शाळांना पत्रं टाकली. पाच शाळांनी उत्तर दिलं. त्यात विद्याबीथी होती, कारण मिस दत्त खरोखरच काही लपवत नसत: वर्गात साठ, बसल्या चोवीस, पास चोवीस. बाकीच्या पंचवीस शाळांपुढे तो रकाना मोकळा राहिला. मोघ्यांनी खाली तीन ओळींची टीप लिहिली, की हा रकाना भरल्याशिवाय शेजारचा आकडा वाचू नये.

मंडळाच्या फळ्यावर यादी लागली तेव्हा मोघ्यांच्या निरोपाचा कार्यक्रमही होता, त्यामुळे गर्दी चांगली होती. विद्याबीथी पहिली. त्रैलोक्यमोहिनी सतराव्यावरून विसाव्यावर उतरली होती.

“अरे!” श्यामराव चांदोरकर मोठ्याने म्हणाले. “स्वतः मास्तरांनी शिकवलं आणि तीन नंबर खाली? मोघेसाहेब, आणखी एक वर्ष राहिला असतात तर शाळा बंद पडली असती!”

सगळे हसले. मोघेही हसले.

“नाही, पण खरंच सांगा,” श्यामराव डोळे पुसत म्हणाले, “शेवटच्या वर्षी पहिल्या नंबरची सोडून पोरीला विसाव्या नंबरच्या शाळेत नेऊन बसवलीत. हे कुठलं गणित?”

“श्यामराव, पहिल्या नंबरने तिला बसू दिलं नव्हतं,” मोघे म्हणाले. “बाकीच्या अठरांना मी विचारलं नाही, पण मला वाटतं त्यांनीही दिलं नसतं. विसाव्याने दिलं. ती पास झाली. ती या टक्क्यांत आहे, आणि जी नापास झाली तीही आहे. विद्याबीथीच्या छत्तीस मुली कुठल्याच टक्क्यांत नाहीत. हा मधला रकाना त्याच्यासाठीच घातलाय. तुमची नात पुष्पा पुढच्या वर्षी आठवीत जाणार ना? आधी तो बघा, मग शाळा ठरवा.”

श्यामराव गंभीर झाले. चष्मा लावून त्यांनी मधला रकाना वरपासून खालपर्यंत बघितला. टीपही वाचली, ओठ हलवत. आजूबाजूची मंडळीही माना पुढे काढून वाचू लागली.

“खरं आहे,” श्यामराव म्हणाले. “अगदी खरं आहे. हे कोणाच्या लक्षातच आलं नसतं.”

मग त्यांनी खिशातून पेन काढलं, हाताशी कागद नव्हता म्हणून निरोप समारंभाच्या पत्रिकेची मागची बाजू घेतली, आणि पहिल्या तीन शाळांचे पत्ते उतरवून घेतले.